मलेशियाची यादी आणि राहिलेला चहा

सणसरच्या पुढं उसाची ट्रॉली एका अंगाला कलली आणि निम्मा ऊस रस्त्यावर आला. झालं! दोन्हीकडची वाहनं जागच्या जागी. रुखसार आत्तारची स्कूटी बरोबर मधोमध अडकली. दहाला बारामती एमआयडीसीत, ती कामाला असलेल्या दूध पावडरीच्या कारखान्यात, हलालचं ऑडिट होतं. सगळ्या फायली तिच्या पिशवीत, आणि घड्याळात सव्वानऊ.

पुढं एकजण कडक इस्त्रीच्या शर्टात मोटारसायकलवर बसून उसाकडं असा बघत होता, जसा काय ऊस आपणहून उठून ट्रॉलीत चढणार होता.

"ओ साहेब, नजरेनं उचलताय व्हय? हात लावा की!"

तो दचकला. मग हसला... आणि खरंच बाह्या दुमडून खाली उतरला. दोघांनी मोळ्या ओढल्या, दुचाकी जाईल एवढी वाट केली. त्याच्या शर्टाला चिखल, तिच्या ओढणीला पाचट. निघताना तिनं एक कांडं मोडून त्याच्या हातात ठेवलं.

"ही तुमची मजुरी."

"लई गोड हाय," तो म्हणाला. अजून दात लावला नव्हता, बरं का.

पोरगी गाडीवर बसली, पण जाताना आरशात दोनदा मागं बघितलं. घाईच्या माणसाला एवढा वेळ असतो होय!

दहाला कारखान्याच्या फाटकातून आत आला तो तोच. तौफिक मुलाणी, इंदापूरचा. हलालचं प्रमाणपत्र देणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेचा ऑडिटर. शर्टावर चिखल तसाच.

कारखान्याच्या मालकीणबाई कौसल्याकाकू, लोणी भापकरच्या. त्यांनी सुरुवातीलाच सुनावलं, "दुधात कसलं आलंय हो हलाल-हराम? म्हैस काय पाप करून दूध देती?"

"म्हशीचं काय न्हाय, काकू," तौफिक शांतपणे म्हणाला. "तुमी पावडरीत जीवनसत्त्व मिसळता ना, त्या दाण्यांवर जिलेटिनचं आवरण असतं. ते जिलेटिन कुठल्या जनावराचं, ते बघायचं असतं."

रुखसारनं त्या जिलेटिनच्या दाखल्याचा कागद आधीच काढून ठेवला होता. त्यानं पुढून वाचला, मागून वाचला, आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. ती उगीच फाईल नीट करायला लागली.

मग चहा आला. त्यानं कपावर तळहात ठेवला.

"ऑडिट असतं तितं मी काही घेत न्हाय. पाणीसुद्धा माझं मी आणतो."

"सकाळी ऊस घेतला की!"

"तवा तुमी कोण, ते ठाऊक नव्हतं."

"आता झालं का ठाऊक?"

"न्हाय..." तो पुटपुटला, "चहा घेता आला असता, तर झालं असतं कदाचित."

"आमच्या दारात चहाला न्हाय म्हणणारा ह्योच पहिला," काकू फणकारल्या.

प्रमाणपत्र मिळालं, पावडर दुबईला जायला लागली. वर्षभरात तो आणखी दोनदा तपासणीला आला. दर खेपेला रुखसार कप ठेवायची, दर खेपेला त्याचा तळहात त्यावर. अंगठ्याच्या नखाजवळ शाईचा डाग, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा... चेहऱ्यापेक्षा तो हातच तिला पाठ झाला होता.

आणि मग मलेशियाची ऑर्डर आली.

"पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हलालचं प्रमाणपत्र पायजे म्हणतायत," रुखसार म्हणाली.

"हाय की आपल्याकडं!"

"ते दुबईला चालतं, काकू. परत्येक देशाची आपापली यादी असती. त्या यादीतल्या संस्थेचाच कागद ते मानतात."

काकूंनी कपाळाला हात लावला. "आमच्या गावात एक मुलाणी होता. यात्रंचं बोकड त्यानं हलाल केलं की पाटलापासनं सगळ्यांना चालायचं. कुणी कागद मागितला न्हाय. आता जगभर मुलाणी झालेत, आणि एकाचं दुसऱ्याला पटंना!"

टेबलावर तीन संस्थांचे कागद होते. एक तौफिकची, तिचंही नाव मलेशियाच्या यादीत आहे असं ऐकलेलं. एक दिल्लीची, पण तिची मलेशियातली मान्यता दोन महिन्यांत संपणार होती. तिसरी मुंबईचीच, दुबईला चालणारी आणि मलेशियालाही चालते म्हणणारी. ती घेतली, तर एकाच प्रमाणपत्रात दोन्ही देश. मग तौफिकच्या संस्थेचं काम उरत नव्हतं. तौफिकचंही.

"तू निवड," काकू म्हणाल्या. "या ऑर्डरीवर दुसरी पाळी चाललीय. बावीस बाया हायत. बंदरातनं माल माघारी आला तर पाळी बंद... आणि ते त्यांना तू सांगायचं, मी न्हाय."

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तौफिकला फोन लावला. आवाज होता होईल तेवढा कोरडा ठेवला.

"मलेशियाचंबी तुमच्याकडूनच घ्यावं म्हणते..."

पलीकडून उत्तर आलं—

"आमच्याकडून घेऊ नका."

"का?"

"मलेशियाची यादी उघडून बघा. आमचं नाव हाय, पण कत्तलखान्यांपुरतं. दुधाच्या मालाला न्हाय. तुमचा कंटेनर तितं अडकंल."

"म्हणजे... तुमचं येणं बंद."

"मी तसाबी येणार नव्हतो. तुमच्या कारखान्याला दुसरा माणूस द्या, असं गेल्या महिन्यातच लिहून दिलंय."

"लिहून? काय लिहिलं?"

"ते... फोनवर सांगण्यासारखं न्हाय."

फोन बंद झाला. काय लिहिलं असेल? त्या उसाच्या कांड्याचं? आपण फार मोकळं बोललो, त्याचं? सारखा चहा पुढं केला, त्याचं? एक ना दोन, शंभर शंका. रडायला वेळ नव्हता म्हणून तिनं यादी उघडली. बोट लावत लावत एकेक नाव बघितलं. खरंच होतं. तौफिकच्या संस्थेपुढं फक्त कत्तलखाना. तिसऱ्या संस्थेपुढं दूध, मांस, सगळं.

तिनं तिसऱ्या संस्थेच्या नावावर खूण केली. बोट जरा जास्तच दाबलं गेलं.

त्या संस्थेच्या बाई आल्या. दोन कप चहा घेतला, चार बिस्किटं खाल्ली, आणि नेमकं बोट ठेवलं, "जीवनसत्त्ववाल्यांना प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं आहे? तीसुद्धा यादीत लागेल." पुन्हा यादी, पुन्हा बोट लावत एकेक ओळ. नाव सापडलं एकदाचं, शेवटच्या पानावर. चौदा तारखेला दुपारी प्रमाणपत्र हातात आलं. बायांनी पेढे मागितले. रुखसार हसली, पण फाटकावर मोटारसायकल वाजली की तिची मान वळत होती. एमआयडीसीत मोटारसायकली काय थोड्या असतात? मान दुखायला लागली बिचारीची.

पंधराला कंटेनरला सील लागलं. तो फाटकातून बाहेर पडला, आणि त्याच्यामागं थांबलेली मोटारसायकल आत आली.

तौफिक. हातात फाईल नाही, पाण्याची बाटली नाही. शर्ट मात्र तोच, कडक इस्त्रीचा.

"आता कशाला आला ह्यो?" काकूंनी विचारलं.

"चहा प्यायला," तो म्हणाला. घाम पुसत होता. एवढं ऊनही नव्हतं.

रुखसार जागची हलली नाही. "आधी काय लिहून दिलं ते सांगा. तीन आठवडे माझा जीव टांगणीला लावलाय तुमी."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. संस्थेचा छापील फॉर्म होता, ऑडिटरनं वर्षातून एकदा भरायचा. 'सदर कारखान्यात आपले नातेवाईक अथवा निकटची व्यक्ती आहे काय?' आणि खाली त्याच्या गोल अक्षरात— 'अद्याप नाही. परंतु व्हावी अशी इच्छा आहे. सबब मला येथे पाठवू नये.'

तारीख तिच्या फोनच्या बरीच आधीची.

तिनं दोनदा वाचलं.

"साहेबांनी सही केली यावर?"

"केली. वर म्हणाले, तिला विचारलंस का? म्हटलं, आधी ऑफिसला कळवायचं, असा नियम हाय."

"आणि मी न्हाय म्हटलं तर?"

"तर... चहा पिऊन जाईन."

रुखसार आत गेली. कप आणून त्याच्यासमोर ठेवला आणि सवयीनं त्याच्या हाताकडं बघत राहिली. शाईचा डाग तिथंच होता. हात उचलला गेला... आणि कपावर नाही, कपाच्या कानाला लागला.

"तिचे अब्बा रविवारी घरी असतात," काकू फायलीतून मान वर न काढता म्हणाल्या. "कुणाला जायचं असंल तर."

"तितंबी चहाच मिळंल," रुखसार म्हणाली. ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगाळलं होतं. "न्हाय म्हणायचं न्हाय."