विद्येचा मुलगा आणि निळा धागा

सिल्वासातल्या त्या शाळेच्या शिक्षकखोलीत सकाळचे ऊन घाईने कधी येत नसे. आधी ते खिडकीच्या गजांवर थबके. मग टेबलावरचे शाईचे डाग, खडूची धूळ असे करत सावकाश सरके. त्या दिवशी ते मुख्याध्यापक रमाकांत सरांच्या चष्म्यापर्यंत पोचले, आणि मोडक्या दांडीला गुंडाळलेला निळा धागा क्षणभर चकाकला. अभिजीतने नजर वळवली. त्याला शिकवले, इथे शिक्षकाच्या नोकरीला लावले, ते याच सरांनी.

"कावेरीचा निबंध कपाटात नाही," सर म्हणाले. "शोध घे, अभिजीत. टपाल बाराला जाते."

शिष्यवृत्तीसाठी शाळेतून एकच निबंध मुंबईला जायचा होता. तिचा गेला नाही, तर कावेरी सोमवारपासून आईबरोबर धाग्याच्या कारखान्यात उभी राहणार होती. दुसरा क्रमांक सरांच्या मुलीचा, सायलीचा होता.

निबंध 'विद्यार्थी' या अर्थाच्या आयरिश शब्दावर होता. 'मॅक लेन', म्हणजे विद्येचा मुलगा. अनेकवचनात 'मुलगा' बदलतो, 'विद्येचा' तसाच राहतो. शिकणारी मुलगी असली तरी शब्द हाच.

अभिजीतने शिपायाला बोलावले.

"चुलीत कागदांची राख आहे, सदाशिव."

"चहाला रद्दीच जाळतो मी, साहेब. पण आज आलो तेव्हा चूल आधीच गरम होती."

"कपाटाची किल्ली?"

"खिळ्यावर. कोणीही घ्यावी."

तेच प्रश्न दोन तास चालले. सदाशिव शेवटी रडू लागला. अकराला अभिजीतने कावेरीला विचारले,

"निबंध कशाने शिवला होतास?"

"निळ्या धाग्याने. आईच्या मशीनवर हा रंग काल पहाटेच पहिल्यांदा निघाला. माल अजून गेटबाहेरबी नाही गेला. हातभर तुकडा आणला तिने, सगळा लागला. तुमच्याच हातात तर दिला, सर."

अभिजीत मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला.

"रद्दी समजून जाळला असता, तर धाग्यासकट जाळला असता. हा धागा पॉलिएस्टरचा, तो वितळतो, त्याचा काळा गोळा होतो, घाण वास सुटतो. राखेत गोळा नाही. जाळणाऱ्याने धागा आधी सोडवला. आणि कारखान्याचा धागा या गावात कोणी फेकत नाही. खाटेला, बादलीला बांधतात. तुम्ही चष्म्याला बांधलात, सर."

सरांनी चष्मा काढून शांतपणे पुसला.

"मुलीला मुलगा म्हटल्याने काय होते रे? ती शेवटी धाग्यावरच जायची."

याच माणसाच्या पायांवर अभिजीतने दर गुरुपौर्णिमेला डोके ठेवले होते.

कावेरी आठवून पुन्हा लिहायला बसली. बाराला टपाल निघाले, तेव्हा पाचपैकी तिसरे पान चालू होते. तिने टोपण लावले.

काल तो निबंध अभिजीतनेच कपाटात ठेवला होता. चष्म्यावरचा निळा धागा त्याने सकाळीच, सदाशिवला बोलावण्याआधीच, ओळखला होता.