शेजारच्या सीटचा पट्टा

चिली बिन मागायला आम्ही मोरेश्वरकाकांकडे गेलो होतो. मी आणि माझी बायको स्वरदा. दुसऱ्या दिवशी पहाटे मनुरेवाहून निघायचं, रोटोरुआची वाफाळती तळी बघायची, मग जंगलातून थेट ओहोपेच्या किनाऱ्यावर. खाणं गार ठेवायला तो डबा हवा होता. काका जेवून बाहेर पायरीवर बसले होते.

"गॅरेजमध्ये निळी गाडी आहे, तिच्या डिकीत बघ," ते म्हणाले. "पण त्याच रस्त्याने जाणार असाल तर आधी बसा."

"काका, पहाटे उठायचंय."

"रवींद्रही पहाटेच उठला होता."

रवींद्र त्यांचा आधीचा शेजारी. पुण्याचा, आयटीतला. त्याची बायको मृदुला आजारपणात गेली, एवढं आम्हाला माहीत होतं. काका सांगू लागले, हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तसे.

"दोन हजार सोळा. क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीतला शनिवार, आणि अमावास्या. ही ट्रिप मृदुलानेच आखलेली. ती गेली, ट्रिप राहिली. मग हा तिच्या अस्थी घेऊन निघाला. ऑफिसातला माओरी मित्र म्हणाला होता, तळ्यात नको, तळी आमच्या पूर्वजांची. म्हणून समुद्र. मागच्या सीटवर त्यांची पोरगी इरा, सहा वर्षांची. पुढे शेजारच्या सीटवर कलश. पट्टा लावून."

"कलशाला पट्टा?" स्वरदाने विचारलं.

"सीटवर वजन आलं की गाडी टिंग टिंग करते ना. तिला वाटतं, माणूस बसलाय."

"रडला असेल बिचारा."

"नाही ना. हॉस्पिटलात नाही, इथे नाही. पोरीचा डबा भरायचा, स्वतः सिंकपाशी उभ्याने काहीतरी खायचा. विचारलं की, ऑल गुड, काका. त्या दिवशीही प्रत्येक तळ्यापाशी थांबला. वाफांचे फोटो काढले, मृदुलाला पाठवले. आणि ते गेलेसुद्धा. मग कलशाकडे लक्ष गेलं, म्हणाला."

मी घड्याळाकडे बघितलं. काकांनी ते पाहिलं आणि तसेच पुढे बोलत राहिले.

"ओहोपेला अस्थी सोडल्या. हात धुतले. पाण्याकडे पाठ फिरवली आणि म्हणाला, येतो गं."

स्वरदाने माझा हात धरला.

"सवय असते," मी म्हणालो.

"सवयच. रोज कामाला निघताना हा म्हणायचा, येतो गं. ती आतून म्हणायची, ये. पण मयताच्या घरून निघताना तू कधी येतो म्हणतोस, सागर?"

"नाही. गुपचूप उठतो."

"गुपचूप उठतो."

रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचे दिवे कुंपणावरून सरकत गेले.

"परतताना रोटोमा तळ्यापाशी अंधार पडला. दोन्हीकडे जंगल. धुकं. इरा झोपलेली. आणि... टिंग."

काकांनी बोटाने पायरीवर ठोकलं.

"टिंग. टिंग. पट्ट्याचा लाल दिवा लागलेला. त्याने सीटवर हात फिरवला. रिकामी. गार. मागून इरा झोपेतच म्हणाली, आई, पुट युअर बेल्ट ऑन."

"मग?"

"खट्."

"पट्टा?" स्वरदाने विचारलं.

"आवाज बंद झाला."

"त्याने बघितलं नाही?"

"नाही. म्हणाला, काका, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. एवढंच कळलं, मी येतो म्हणालो होतो आणि ती न्यायला आली. पुढे वळण होतं. वळणाखाली तळं. त्याने स्टीअरिंग फिरवलं नाही."

"मागे पोरगी होती," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "ती आठवली नाही त्याला?"

"नाही आठवली, म्हणाला. चाकं खडीवर गेली. तेव्हा मागून इरा म्हणाली, जा."

"जा?"

"जा. त्याने ब्रेक दाबला. दिव्यांच्या उजेडात समोर नुसतं पाणी. इरा टक्क जागी. बाबा, आई सेज, जा." काकांनी चष्मा काढला. "त्या पोरीला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र एक वाक्य नाही. आणि हा शब्द तिने आणला कुठून? आपल्यात निघणाऱ्याला कोणी जा म्हणतं? ये म्हणतात. तिथे मग तो रडला. पोरगी मागून त्याची मान थोपटत होती."

"आणि गाडी?" स्वरदाने हळूच विचारलं.

"पुढल्याच महिन्यात दोघं दूर जॉन्सनव्हिलला राहायला गेली. गाडी नको म्हणाला. विकवतही नव्हती. माझ्याकडे आणून लावली. शेजारचा पट्टा लावलेला तसाच. ओहोपेला कलश उचलताना त्याने पट्टा सोडला होता, शपथेवर सांगत होता. मी म्हटलं, असू दे. मीच खटका दाबला. पट्टा सर्रकन वर गेला. त्याला आता दोन वर्षं झाली. दारं कोणी उघडली नाहीत. डिकी तेवढी वापरतो मी."

मी उठलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि उशीर झाला होता. फोनच्या उजेडात गॅरेजमध्ये शिरलो. डिकी उघडली, चिली बिन काढलं, डिकी लावली. गाडीवर धुळीचा थर होता.

"सागर, मिळालं का?" बाहेरून स्वरदा.

"येतो," मी म्हणालो.

आणि तिथेच थांबलो.

उजेड पुढच्या सीटवर वळवला.

पट्टा लावलेला होता. सीटवर सपाट पडलेला नव्हता. पाठीपासून सुटा, पुढे आलेला... मध्ये कोणी बसलेलं असावं, तेवढा.