संकासुराचं मृदुकरण

मृदुकरण केंद्रात सगळेच गोड बोलत होते. शेवंतीला त्याचीच धास्ती वाटत होती.

टिंगलबंदी कायदा आल्यापासून ज्याच्या जिभेविरुद्ध तक्रारी जमत, त्याला तुरुंग किंवा मृदुकरण पत्करावं लागे. तिचा नवरा भिकाजी कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासूर, म्हणजे राजापासून भटजीपर्यंत कुणालाही न सोडणारा सोंगाड्या. भर जत्रेत त्याने मंत्र्याची सालटी काढली. आधीच्या तुरुंगवासाने फुप्फुसं पोखरली होती. पुन्हा आत गेला तर परत येणार नाही, हे ओळखून तिनेच त्याला हातापाया पडून इथे आणलं होतं.

“आठवणी जशाच्या तशा आहेत,” डॉ. केळुसकर म्हणाल्या. “मेंदूतल्या ज्या जोडण्यांतून तिरकसपणा उमटतो, तेवढ्या आम्ही सैल केल्या. जुन्या जोडण्यांचा नकाशा जपलाय. हा आपलाच माणूस, अशी साक्ष तुम्ही दिलीत की तो पुसायचा.”

“आणि नाय म्हटलंय तर?”

“ते पूर्ववत होतील. मग तुरुंग.”

भिकाजी शेजारी हसतमुख बसला होता. आल्याआल्या त्याने “जेवलंस?” विचारलं होतं. एवढ्या संसारात पहिल्यांदाच. तिला ते आवडलं होतं, आणि आवडल्याची लाज वाटत होती.

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. सुचेल ते तोंडावर फेकायचं. त्याची जीभ परजावी म्हणून ती घरी मासे साफ करता करता राजा व्हायची. आताही तिने आवाज चढवला, “आमच्या राज्यात परजा सुखी आसा!”

पूर्वी राजाची पार लक्तरं झाली असती. भिकाजीने हात जोडले. “होय म्हाराजा. खराच आसा.”

हा तो नव्हता. पण तो हवा असेल, तर मरायला पाठवावा लागणार होता.

“हो माझोच घोव,” नवऱ्याकडे बोट दाखवत तिने साक्ष दिली.

डॉक्टरांनी बटण दाबलं. नकाशा पुसला गेला.

तशी शेवंती भडकली. “बाई, तुमी माणसाचो कणोच काढून घेतास आणि वर इचारतास, मासो तोच आसा मां?”

डॉक्टर हसल्या नाहीत. समोरच्या पडद्यावर शेवंतीच्या जिभेविरुद्ध पहिली तक्रार उमटली होती.

भिकाजीने मायेने तिचा हात धरला. “भिया नको. तुझ्या वेळाक साक्ष मीच देतलंय. होयच म्हणतलंय.”