लोकपटावर नसलेला रकाना

मुलांनो, डोळे मिटा आणि एक भलंमोठं टेबल डोळ्यांपुढे आणा. त्यावर चार हजार ठिपके उजळलेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस; निळा पुरुष, हिरवी बाई. त्यात एखादं युद्ध घातलं, की कोण मरेल, कोणाचं लग्न होईल, किती मुलं जन्मतील, हे ते टेबल शंभर वर्षं पुढचं दाखवतं. मंगळावरच्या कुंभनगरात त्याला लोकपट म्हणत. तो बनवला होता हेरंब टिपणीस यांनी.

टिपणीस आता थकले होते. पलीकडच्या वसाहतीशी बर्फाच्या खाणीवरून पेटलेलं युद्ध तिसऱ्या वर्षात शिरलं होतं. शाळेत जखमींच्या खाटा लागल्या होत्या, म्हणून त्यांची बारा वर्षांची नात शाल्मली दिवसभर प्रयोगशाळेतच असे. तिचा भाऊ निनाद एकोणीस वर्षांचा. पुढच्या तुकडीत त्याचं नाव होतं.

"सर, मला एकच सांगा," दलप्रमुख रेणुका घोरपडे खुर्चीत टेकत म्हणाल्या. "आणखी तीनशे पोरं पाठवली तर कुंभनगर टिकेल? तुमची सही झाली तरच तुकडी निघेल."

"रोम टिकलं होतं," टिपणीस म्हणाले. "कॅनीच्या लढाईत एका दिवसात त्यांची हजारो माणसं पडली. युद्ध पुढे कितीतरी वर्षं चाललं. तरी ते संपल्यावर चाळीसेक वर्षांत त्यांची शिरगणती आधीपेक्षा मोठी भरली."

"ते कसं?"

"काही अभ्यासक म्हणतात, तिथले पुरुष तिशीच्या आसपास लग्न करत. म्हणजे मेले त्यांतले बरेचसे बिनलग्नाचे. मुलींची लग्नं मात्र लवकर होत, मोठ्या वयाच्या पुरुषांशी. मुलं किती होणार हे बायकांवर ठरतं, आणि बायका लढायला जात नव्हत्या."

"मग घाला रोमचेच नियम."

टिपणीसांनी घातले. तीनशे निळे ठिपके विझले. तिसाव्या वर्षी पट पुन्हा गच्च भरला. त्यांनी सहीसाठी लेखणी उचलली, मग सगळे आकडे पुन्हा एकदा तपासले. गणितात चूक सापडत नव्हती.

"आबा, यातली मी कुठली?"

त्यांनी दाखवलं. शाल्मलीने ठिपक्यावर बोट ठेवताच पटावर अक्षरं उमटली: सतराव्या वर्षी लग्न, नवरा बेचाळीस, मुलं सहा.

"म्हणजे आत्ता सदतीस वर्षांचा," तिने बोटांवर मोजलं. "वायुकेंद्रातले घोसाळकर काका? ते जेवताना पेंगतात."

घोरपडे हसल्या, मग पुढे वाकून ती अक्षरं पुन्हा वाचू लागल्या.

"पण मला कोणी विचारलं?"

"पटात तो रकानाच नाही, बाळा. रोममध्ये मुलींना फारसं कोणी विचारत नसे. मीही..." टिपणीस बोलता बोलता थांबले. मग त्यांनी सावकाश एक रकाना वाढवला. शाल्मलीने त्यात 'नाही' लिहिलं. एक हिरवा ठिपका फिका झाला.

"एका मुलीने काय फरक पडतो?" घोरपडे यांनी विचारलं.

"काहीच नाही. पण अशा चारशे बारा मुली आहेत, आणि त्यांचं उत्तर माझ्याकडे नाही." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "त्यांच्या 'हो'वर हा पट उभा आहे. ते कळल्याशिवाय मी सही कशाच्या जोरावर करू?"

"तुकडी उद्या दुपारी निघायचीय, सर."

शाल्मलीने पटावरून मुलींची नावं एका पाटीवर उतरवली, पाटी काखोटीला मारली, बूट चढवले आणि समोरच्या घराची घंटा वाजवली. मैत्रिणीने दार उघडलं.

"एक विचारायचंय," शाल्मली उंबऱ्यावर बसत म्हणाली. "नीट विचार करून सांग. घाई करू नकोस."