हेडचं तोंड

बाबा गेल्यावर दोघा भावांनी कारखाना चालवला खरा, पण गुण्यागोविंदाने नव्हे. एकाच छपराखाली दोघांनी दोन कोपरे धरले होते. बोलायचं ते कामापुरतं, तेही एकमेकांकडे न बघता. मिलिंग मशीन विकायचं दादाने परस्पर ठरवून टाकलं. उद्या गिऱ्हाईक आलं की तो सही करणार होता. धाकट्याचा सगळा जीव त्या मशीनमध्ये. आणि विकण्याआधी त्याचं काटकोनी हेड खोलून नीट करण्याचं काम नेमकं त्याच्याच गळ्यात आलं.

हेड म्हणजे मशीनचं उभं फिरणं आडवं करणारं बिडाचं डोकं. आत तिरक्या दातांची दोन चाकं एकमेकांत गुंतलेली. बाबांनी ते कधी कुणाला उघडू दिलं नव्हतं. त्याचं तोंड, म्हणजे हत्यार बसवायची बाजूही त्यांनी खूण करून जन्मभर मागच्या भिंतीकडेच ठेवली. भिंतीपलीकडे घरातलं स्वयंपाकघर होतं; आईचा दिवस अजूनही तिथेच जायचा.

इतकी वर्षं लोखंडात हात घालूनही बाबांना कधी साधं खरचटलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच कोण कौतुक. आईची करंगळी मात्र अर्धीच होती. कशी गेली विचारलं की ती म्हणायची, "बसल्या बसल्या गेली." मुलं हसायची. आईने कारखान्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

धाकट्याने जुनं, डांबरासारखं झालेलं ग्रीस खरवडून काढलं. बेअरिंग नवी घातली. चाकांमागे पत्र्याच्या पातळ चकत्या सारून दात नीट बसवले आणि शेवटी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. उजेडाची रेघसुद्धा दिसेना. अंगात राग मुरलेला असूनही त्याला क्षणभर बरं वाटलं.

हेड मशीनला लावताना त्याने तोंड दादाच्या टेबलाकडे केलं, कारण खिडकी तिकडे होती. बोल्ट हातानेच फिरवले. पान्याने मागाहून आवळता येतील, तो मनाशी म्हणाला. वरचं झाकणही उघडंच होतं. तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि तळहातात घुसला.

दुखलं नाही. ओरखडाही नव्हता.

पलीकडे दादा कळवळला. त्याच्या तळहातातून रक्त टपकत होतं.

"काय फेकलंस रे?"

"मी कुठे काय फेकलं?"

"एक नंबरचा जळकुकडा आहेस तू," दादा हाताला फडकं गुंडाळत म्हणाला. "उद्या सही झाली की तू तुझ्या वाटेने, मी माझ्या."

धाकट्याने हळूच आखणीची सुई स्वतःच्या दंडावर टेकवली आणि दाबली. दादाने चटकन आपला दंड चोळला. डास समजून एक शिवी हासडली.

धाकट्याला खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, अगदी लहानपणी दादाचा मार चुकवल्यावर वाटायचा तसा. त्याने दादाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. जखम डाव्या हाताला होती. सही उजव्या हाताने होते.

त्याने आपला उजवा अंगठा उघड्या हेडमध्ये घातला, दोन चाकांच्या दातांमध्ये.

डोळे मिटले.

डाव्या हाताने स्पिंडल, चाकं फिरवणारा मशीनचा उभा दांडा, फिरवला. चाक अडलं. त्याने जोर लावला. काहीतरी कचकन सुटलं आणि चाक पुढे गेलं. त्याला काहीही लागलं नाही.

तो दादाच्या किंकाळीची वाट बघत राहिला.

"झालं का तुझं एकदाचं?" दादाचा आवाज आला. जांभई देता देता.

धाकट्याने डोळे उघडले.

बोल्ट पान्याने आवळायचे राहूनच गेले होते. स्पिंडलबरोबर अख्खं हेड फिरलं होतं आणि बाबांच्या जुन्या खुणेवर येऊन थांबलं होतं. तोंड मागच्या भिंतीकडे.

भिंतीपलीकडे एक भांडं पडलं. गडगडत लांबवर गेलं आणि थांबलं.

"आई?" दादाने हाक मारली. "काय झालं गं?"

धाकट्याने अंगठा बाहेर काढून चिंधीला पुसला. नुसतं ग्रीस लागलं होतं.

"काही नाही रे," आतून आईचा आवाज आला, रोजच्यासारखा. "अंगठा. बसल्या बसल्या गेला."