बाहेरून बत्तीस फूट

मी चांद्याला मोजणीदार होतो. चोपन्न सालच्या डिसेंबरात मला उमरगट्ट्याच्या घरबाजाराला जायचा हुकूम झाला.

उमरगट्टा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं दीडशे घरांचं गाव. गोंडपिपरीपर्यंत मोटार, पुढे डोंग्यानं वैनगंगा ओलांडून दोन मुक्काम बैलगाडी, आणि शेवटचा चढ पायी. जंगलाची कटाई जिकडे सरके तिकडे आरेवाले आणि जंगलखात्याचे नाकेदार सरकत, त्यामुळे गावातली घरं सतत हात बदलत. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली बाजार भरे. ज्याला घर द्यायचं असे तो आपल्या छपराचं एक कवेलू पुढ्यात ठेवून बसे. ज्याला हवं तो घर पाहून येई आणि पसंत पडलं तर कवेलू उचली. झाला सौदा. अशा घरांची लांबी-रुंदी, खोल्या, दारं-खिडक्या लिहून महिन्याचा तक्ता पाठवायचा, एवढंच माझं काम.

फितीचं दुसरं टोक धरायला गावचा कोतवाल पोचू सोबत होता. त्या दिवशी सहा घरं मोजली. सातवं धुरपताबाईचं. साठीची, उंच, कमी बोलणारी बाई. घर झऱ्याच्या वाटेवर, पांढऱ्या मातीनं पोतलेलं. ते बघायला पत्रू नावाचा तरणाबांड नाकेदारही आला होता. पोचू आत येईना.

"मी बाहेरूनच धरतो, साहेब."

"काऊन?"

"असंच."

बाहेरून लांबी बत्तीस फूट. आत एका रांगेत तीन खोल्या. पत्रू इकडेतिकडे फिरला, "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणाला आणि शीळ घालत चढ उतरून गेला.

जानेवारीत मी पुन्हा गेलो. कवेलू अजून धुरपताबाईसमोरच होतं. पत्रूही परत आला होता. आम्ही तिघं घरात शिरलो, तर खोल्या चार.

वहीत तीन होत्या. माझ्याच अक्षरात. मी बाहेर येऊन पुन्हा फीत लावली. बत्तीस फूट. आत एकेक खोली मोजून बेरीज केली. एक्केचाळीस. फीत ताणली असेल म्हणून लोखंडी गजावर तपासली. फीत बरोबर होती.

चौथी खोली नवी असती तरी समजूत पटली असती. पण तिथल्या बांबूंवर वर्षानुवर्षांचा धूर बसला होता. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, त्यात जुन्या माशा. उंबरा इतर खोल्यांच्या निम्मा. आणि भिंतीला कमरेच्या उंचीवर आडवा वासा बसवलेला, दारापासून खाटेच्या जागेपर्यंत. हातांनी धरून धरून तो चकचकीत झाला होता.

"ही कोणी बांधली, बाई?"

"कोनी नाई बांधत," धुरपता म्हणाली. "ज्याले लागन, त्याच्यासाठी होते."

पत्रू हसला. वासा धरून लंगडत दोन पावलं चालून दाखवलं त्यानं. "म्हाताऱ्याची खोली हाये ही. मले काय कामाची?"

तक्त्यात मी काय लिहावं? चार खोल्या लिहिल्या, आतली लांबी गाळली. चांद्याला परतल्यावर कमळेला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मोजाले चुकले असान," ती म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकून, "आनखी एक होईल का हो?"

मला भीती वाटत नव्हती, हे खरं सांगतो. गणित सुटत नसलं की जशी चुटपुट लागते तशी लागली होती. फेब्रुवारीचा मंगळवार कधी येतो असं झालं होतं.

चढावरच पोचूनं बातमी दिली. पंधरा दिवसांपूर्वी सागाचं लाकूड गाडीवर चढवताना निसटलं आणि पत्रूच्या डाव्या पायावर आलं. पाय वाचला, पण वाकत नव्हता.

"कुठी आहे तो?"

"धुरपताबाईकडं. दुसऱ्या कोन्या घराचा उंबरा त्याले चढता येत नाई."

दारातून तो मला दिसला. वासा धरून खाटेकडे जात होता. माझ्याकडे पाहिलं, पण हसला नाही.

त्याच्या खोलीपलीकडे आणखी एक दार होतं.

पाचवी खोली लहान, उजेडाची. खिडकी पूर्वेला, इतकी खाली की बाहेर बघायला मला वाकावं लागलं. आढ्याला पाळण्याच्या दोन कड्या. दोरीनं घासून त्यांच्या आतल्या कडा झिजल्या होत्या. त्यांच्याखाली सारवलेल्या जमिनीवर एका माणसाची निजण्याची जागा गुळगुळीत झाली होती. एकाचीच. बाजूची जमीन खरबरीत, सारवताना उठलेली बोटं तशीच.

मी त्या जागेवर आडवा झालो. पाय बाहेर आले. उठून फीत लावली. पाच फूट एक इंच.

धुरपता दारात उभी होती.

"मी हे घर घेणार नाही, बाई," मी म्हणालो. "आणि ही खोली माझी नाही. माझ्या मापाची नाही ही."

"तुमची हाये असं कोन म्हन्ते?"

ती आवाज न चढवता, जरा मायेनंच बोलली. मी वही मिटली. बाहेर पोचू फितीचं टोक धरून उन्हात उभा होता. मी त्याला फीत गुंडाळायला सांगितलं. त्या महिन्याचा तक्ता मी भरला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. कमळा आज चुलीपाशी नव्हती, ओसरीत बसून होती. मला पाहून लाजली.

"दिवस गेले हायेत मले," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी होईल म्हन्ते सुईन."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी तिचे दोन्ही हात धरले, आनंद झाला असं म्हणालो. आनंद झालाही होता. ती उठून आत गेली तेव्हा मी पाहत राहिलो. आमच्या दाराच्या चौकटीला तिचं डोकं कुठवर लागतं, ते मला नेमकं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. उमरगट्ट्याला पाठवू नये, तब्येत ठीक नाही. साहेबांनी कुरकुर करत मान्य केला. मी सिव्हिल सर्जनकडून छाती तपासून घेतली. काही दोष नाही, असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद मी खिशात बाळगत असे. मार्च गेला. एप्रिलचा मंगळवारही गेला.

एप्रिलच्या शेवटी पोचू चांद्याला कचेरीच्या कामानं आला आणि घरी भेटायला आला. कमळेनं त्याला पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. मी आवाज खाली केला.

"बाजार कसा आहे?"

"चालू हाये. धुरपताबाई आता बसत नाई तिथी."

"घर गेलं?"

"गेलं म्हन्ते." पोचू तांब्याकडे बघत होता. "कोनाच्या हाती तेवढं नाई सांगत. रोज पोतून राह्यली, सारवून राह्यली. दिवाळीनंतर एक बाई येनार हाये म्हन्ते, तान्हं लेकरू घेऊन."

"बाई? एकटी?"

पोचूनं काखेतली गुंडाळी सोडून माझ्यापुढे ठेवली. शिंदीच्या पानांची चटई होती, नवी, हिरवट, ओल्या पानांचा वास येणारी.

"बाईसाठी पाठवली तिनं."

कमळा चहा घेऊन आली. चटई पाहून तिनं कप खाली ठेवले, गुंडाळी ओसरीवर पसरली, तिच्या बारीक विणीवरून हात फिरवला. मग हौसेनं तिच्यावर आडवी झाली. टाचा एका टोकाला, डोकं दुसऱ्या टोकाला, बोटभरसुद्धा कमी-जास्त नाही.

"अगदी माझ्या मापाची हाये," ती हसून म्हणाली. आणि कुशीवर वळून शेजारी हातानं चाचपत राहिली. "पन तुमाले जागा नाई हो यात."