तीन चिठ्ठ्यांचा वाटाड्या

वाटसरू गिरिभ्रमण मंडळाच्या दहाव्या मेळाव्याला माणसं होती बेचाळीस आणि समित्या अकरा. भोजन समिती, शेकोटी समिती, फलक समिती, आणि फलक समितीने फलक वेळेत लावला की नाही हे बघायला देखरेख समिती. साल अठ्ठ्याण्णव, महिना फेब्रुवारी. धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला खैरपाडा नावाची वाडी आहे, तिथल्या शाळेच्या पटांगणावर हा सोहळा होता.

मेळाव्याला गाडीने यायचं नाही, असा मंडळाचा कडक नियम. एक तुकडी उंबरमाळीहून तीन दिवस चालत येणार, दुसरी शहापूरहून दोन दिवस, आणि तिसरी घाटमाथ्यावरून एका दिवसात खाली उतरणार. तिन्ही तुकड्या शनिवारी संध्याकाळी पटांगणात भेटणार. प्रमुख पाहुणे मात्र जीपने आले. शाळेच्या शंभर पावलं अलीकडे उतरले, बूट घातले, फोटो काढून घेतला आणि दमल्यासारखे खुर्चीत बसले.

वाल्मिक घरत हा वाटाड्या समितीचा प्रमुख. कल्याणला पाणीखात्यात मीटर वाचायचा. जे आकड्यात दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा त्याचा स्वभाव. तयारीसाठी तो आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. त्याची बारा वर्षांची मुलगी दामिनी तिसऱ्या तुकडीत होती. घाटातली वाट अवघड. अर्ध्यावर तिला फाटा फुटतो, तो धरला तर दोनशे पावलांवर सरळ कडाच.

निघताना त्याची बायको राही म्हणाली होती, "पोरीला काही झालं ना, तर तुम्ही घरी येऊच नका."

"अगं, कमळू आहे सोबत. डोळे मिटून उतरवेल."

शनिवारी सकाळी अकराला वाल्मिक शाळेच्या मागे गेला, तर तिथे कमळू कांदे सोलत बसला होता.

वाल्मिकला वाटलं, आपल्याला ऊन लागलं.

"कमळू, तू इथे काय करतोस?"

"कांदं सोलतोय. भोजन समितीची बाई बोलली, बसलायस तं सोल."

"अरे, तुला घाटमाथ्यावर जायचं होतं ना? सात वाजता!"

कमळूने डोळे पुसले, हात धुतले आणि कमरेच्या फडक्यातून तीन चिठ्ठ्या काढल्या. धसईच्या टेलिफोन बूथवाल्याने लिहून पाठवलेल्या. एकीत होतं, शनिवारी सकाळी सातला डोळखांबला ये. दुसरीत, शनिवारी सकाळी सातला किन्हवलीला ये. तिसरीत, शनिवारी सकाळी सातला घाटमाथ्यावर ये. खाली तीन तुकडीप्रमुखांची नावं: दीपेश, रुपाली, शाम. तिघांनीही गेल्या वर्षीच्या वहीतून एकच नाव उचललं होतं. वाटाड्या समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या खऱ्या, पण त्या दोन्ही वाटाड्याला द्यायच्या शालीच्या रंगावर गेल्या होत्या.

"मग?" वाल्मिकने विचारलं.

"तिगांनी बोलवलं. येकाकडं गेलो असतो तं दोगं रुसलं असतं. आमाला वर्साचं संबंध ठेवायचं हायेत, साहेब. म्हनून मी कोनाकडंच नाय गेलो."

वर निरोप कसा धाडावा, हे वाल्मिक चाचपू लागला. मोबाइल प्रमुख पाहुण्यांकडे एक होता, पण तो फक्त हातात धरायच्या कामाचा.

"मला वाटलं, मी नाय दिसलो तं फिरतील माघारी," कमळू म्हणाला. मग वाल्मिकचा चेहरा बघून त्याने कांद्याची टोपली बाजूला सारली. "शामभाऊसंगं कोन कोन हाय?"

"माझी पोर आहे."

कमळू उठला. वाडीतली दोन माणसं घाटाच्या वाटेला धाडली. दुपारी दोनला ती घामाघूम परत आली. फाट्यापर्यंत जाऊन आलो, म्हणाली. हाका मारल्या. कोणी नाही.

"चाललेलं पाऊल तरी?" कमळूने विचारलं.

"नाय दिसलं."

वाल्मिक पटांगणात येरझाऱ्या घालू लागला. फलक समिती त्याला विचारायला आली की फलक थोडा उजवीकडे कलला आहे का. त्याने असं बघितलं की समिती तिथेच बरखास्त झाली.

साडेतीनला कमळू स्वतः कोयता घेऊन निघाला. शाळेच्या फाटकात पोचतो तोच समोरून गलका आला. उंबरमाळीची तुकडी! वेळेच्या दीड तास आधी. दीपेश पुढे, चेहरा टवटवीत.

"वाल्मिकदादा, काय माणूस दिलात! तुमचा कमळू म्हणजे एकदम फास्ट. एक काटा लागू दिला नाही."

"कमळू हा," वाल्मिक शेजारी बोट दाखवून म्हणाला.

दीपेशने कमळूला खालून वर न्याहाळलं. "हा नाही हो. आमचा म्हातारा होता. डोक्याला पांढरं फडकं, खांद्यावर घोंगडी, एवढ्या उन्हात! दहा पावलं पुढेच चालायचा. एकदा मागे वळून बघितलं नाही की तोंड दाखवलं नाही. तिथे झाडापाशी 'पोचवलं' म्हणाला आणि बाजूला झाला."

वाडीच्या शिवेवर ऐनाचं एक जुनं झाड आहे, तिकडे त्याने हात केला.

वाल्मिकला जरा बरं वाटलं. असेल कोणी भला माणूस. अर्ध्या तासाने शहापूरची तुकडी आली. रुपालीने पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "कमळूबाबांना आधी चहा द्या रे. गेले कुठे? आत्ता तर झाडापाशी होते."

"पांढरं फडकं?" वाल्मिकने विचारलं.

"हो."

"घोंगडी?"

"हो ना. इतके गोड म्हातारे! बारा वाजता बसलो, तर मी बिस्किटांचा पुडा दिला. तो त्यांनी घोंगडीत ठेवला आणि आतून संत्रं काढून दिलं मला. जंगलात संत्रं!"

दीपेश हातातला चहा प्यायचा थांबला.

"संत्रं मी दिलं होतं त्याला," तो म्हणाला. "बारालाच, मागूनच हातात. डोळखांबच्या रानात."

डोळखांबच्या रानातून किन्हवलीची वाट म्हणजे माणसाला अर्धा दिवस.

मग मंडळाच्या सवयीने सगळे एकदम बोलले. कोणी म्हणालं, भाऊ असतील. कोणी म्हणालं, जुळे. एकाने तर शोध समिती स्थापन करून स्वतःला तिचा सचिवही नेमून घेतलं. वाल्मिक मनाशी म्हणत होता, घड्याळ चुकलं असेल. दोघांपैकी एकाचं. नाहीतर दोघांचं. त्याने दोघांच्या घड्याळाशी आपलं लावून बघितलं. तिन्ही बरोबर होती.

आणि त्याला खरं तर घड्याळाशी देणंघेणं नव्हतंच. घाटाची वाट रिकामी होती.

पाच वाजले. सव्वापाच. सूर्य डोंगराच्या उलट बाजूला टेकायला आला आणि कड्यावर तांबडं ऊन चढलं. वाडीतली कुत्री ऐनाच्या झाडाकडे तोंड करून ओळीने बसली होती. भुंकत नव्हती. नुसती बघत होती.

पावणेसहाला गाणं ऐकू आलं. बेसूर, फाटक्या आवाजातलं, पण गाणं. शामची तुकडी! सगळ्यात पुढे दामिनी, हातात बिस्किटांचा पुडा.

वाल्मिक धावला. पोरीला उचलायला गेला, ते जमलं नाही, म्हणून नुसताच तिला धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "कांदे सोलत होतो," असं तो उगाच सगळ्यांना सांगत सुटला.

"फाट्यापाशी फसलोच होतो," शाम सांगत होता. "धुकं आलं एकाएकी. पुढे कडा आहे हे दिसेना. तेवढ्यात म्हाताऱ्याने काठी आडवी धरली. कमळू नसता ना दादा, तर आज..."

"पुडा कुठला?" रुपालीने हळूच विचारलं.

"वाटाड्या बाबांनी दिला," दामिनी म्हणाली. "बारा वाजता, भूक लागली तेव्हा."

रुपालीने पुडा हातात घेतला. एका कोपऱ्याला तिने बांधलेला निळा दोरा तसाच होता.

ती खाली बसली.

कमळू इतका वेळ कोयता धरून उभा होता. तो वाडीत गेला आणि आपल्या आईला घेऊन आला. धोंडीबाई. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत, तोंडाने कुरकुरत. तिने सगळं ऐकून घेतलं. घोंगडीचं ऐकलं, फडक्याचं ऐकलं. तो कोण, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

"झाडाखाली 'पोचवलं' म्हनला ना?"

"हो आजी," तिघेही म्हणाले.

"मंग तुमी काय म्हनलां?"

"मी थँक्यू म्हटलं," दीपेश म्हणाला.

"आम्ही टाळ्या वाजवल्या," रुपाली म्हणाली.

"आम्ही तीन वेळा जयजयकार केला," शाम म्हणाला.

म्हातारीने कपाळावर हात मारला. "अरे, शिकल्यालं ना तुमी? वाटाड्या 'पोचवलं' म्हनला का आपुन 'पोचलो' म्हनायचं असतंय. आमच्याकडं पोराटोराला ठावं. त्याबिगर त्यो सुटत नाय. तुमी इथं च्या पिताय, आन त्यो हुबा हाय तिथं. सकाळधरनं चालतोय त्यो बी."

बेचाळीस माणसांनी झाडाकडे बघितलं.

झाडाखाली कोणी नव्हतं. पण तेवढ्या एका जागेवरचा पाचोळा, माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो तेव्हा वाजतो, तसा वाजला. थोडा वेळ गेला. पुन्हा वाजला.

"आधी माझा सत्कार उरकून घेऊ या का?" प्रमुख पाहुण्यांनी विचारलं.

शामने माईक हातात घेतला, कोणीतरी जनरेटर चालू केला, आणि मंडळाच्या दहा वर्षांत पहिल्यांदाच अकराही समित्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

"पोचलो!"

डोंगरावरून आवाज परत आला. प्रमुख पाहुणे जीपने आले होते, पण सगळ्यात मोठ्याने तेच ओरडले.

पाचोळा एकदाच खसखसला, मग वाजायचा थांबला. कुत्री उठली, अंग झटकून भोजन समितीकडे वळली. धोंडीबाई म्हणाली, "झालं. जेवा आता."

असं हलकं वाटलं सगळ्यांना! माणसं उगाच हसू लागली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. शाल कमळूलाच दिली. निवेदक सांगून गेला की कमळू यांनी कोणाकडेही न जाऊन मंडळाची फार मोठी सेवा केली आहे, आणि टाळ्या पडल्या. कमळू लाजला.

रविवारी सकाळी निरोप झाले. वाल्मिक आणि दामिनी धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण असे एसटीने निघाले. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. फक्त दामिनीच्या शेजारची जागा रिकामी. वाल्मिक बसायला गेला, तर कोंबड्यांची टोपली घेतलेल्या बाईने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या हो. बसू द्या त्यांना. दमल्यात."

वाल्मिकला वाटलं, हिने आपल्या कोणासाठी तरी जागा धरली आहे. तो उभा राहिला. बायकोला काय सांगायचं आणि काय गाळायचं याची मनात जुळवाजुळव करत तो कल्याणपर्यंत मजेत आला. फाटा गाळायचा. कडा गाळायचा. पोर धडधाकट आहे, हे दाखवायचं.

दुपारी तीनला ते इमारतीचे तीन मजले चढून दारात उभे राहिले. राहीने दार उघडलं, पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं, सगळं जागेवर आहे अशी खात्री केली आणि मग कुठे नवऱ्याकडे बघून हसली. "या. आलात म्हणजे बरोबर."

वाल्मिकने सुटकेचा श्वास टाकून चपला काढल्या. दामिनी आत आली नाही. ती उंबऱ्यात वळून रिकाम्या जिन्याकडे तोंड करून उभी होती.

"पोचलो," ती म्हणाली. साध्या आवाजात, सांगून ठेवल्यासारखं.

"अगं, ते कालच म्हटलं ना सगळ्यांनी?"

"त्यांचं झालं. वाटाड्या बाबांनी विचारलं होतं ना, कुठवर पोचवू? शामकाका म्हणाले, मेळाव्यापर्यंत. मग मला वेगळं विचारलं." दामिनीने पायांतले बूट सोडवले. "मी म्हटलं, घरापर्यंत."

जिन्यात काठी टेकल्याचा आवाज झाला. एक पायरी. मग दुसरी. खाली, खाली, घाई न करता.

आवाज तळमजल्यावर पोचला तेव्हा तिथल्या काकूंचं दार उघडलं.

"अहो बाबा, एवढ्या उन्हाचे कुठे निघालात? पाणी तरी पिऊन जा!"

आणि मग बराच वेळ, तीन मजले वर ऐकू येईल असं, कोणीतरी घटाघट पाणी पीत राहिलं.